सुरुवातीबद्दलचं दुसरं वाक्य

आमच्या पडवीत शनिवारी संध्याकाळी बैठक भरायची. तिचा एकच नियम होता. ज्याला बोलायचं असेल त्याच्या हातात टकळी फिरत असली पाहिजे. धागा तुटला की बोलणं तिथंच थांबवायचं, मग वाक्य अर्धं का असेना. तुटलेला धागा जोडून घ्यायचा आणि बारी फिरून आपल्यापर्यंत येईपर्यंत ऐकत बसायचं.

नियम बाबांनी केला होता, तो वकीलसाहेबांसाठी. वर्ध्यात सूत कातणं ही काही नवलाची गोष्ट नव्हती. सेवाग्राम जवळ, कातणारी माणसं घरोघर. पण वकीलसाहेब पिंजलेल्या कापसाचा पेळू मांडीवर ठेवून नुसतेच बोलायचे, आणि एकदा सुरू झाले की कंदिलाची वात वर करायची वेळ येई. तेव्हा बाबा म्हणाले होते, "हात थांबला की तोंडही थांबेल, असं करू." वकीलसाहेब हसून म्हणाले, "मास्तर, ये तो सरासर जुल्म है," आणि नियम कबूल केला. मी तेव्हा लहान होते. मला आठवतो तो फक्त टकळी खाली पडल्याचा आवाज. आमच्या पडवीची फरशी शहाबादी होती. धागा तुटला की टकळीची पितळी चकती तिच्यावर टण्‌कन वाजायची आणि बोलणारा माणूस गप्प व्हायचा. स्वयंपाकघरातून आई म्हणायची, "पडला वाटते कोणी."

बैठकीत माणसं चारच. वकीलसाहेब, बाबा, वैद्यकाका आणि कचेरीतले एक कारकून, जे क्वचितच बोलत पण सूत सगळ्यांत बारीक काढत. चार माणसं असल्याशिवाय बैठक धरायची नाही, असं ठरलेलं होतं. कोणी गावाला गेलं तर बाकीचे चहा पिऊन, पावसापाण्याचं बोलून उठत. मुद्द्याचं कोणी काढत नसे.

मुद्द्याचं म्हणजे, माझ्या समजुतीप्रमाणे, एकच. हे सगळं सुरू कसं झालं? बाबा हायस्कुलात विज्ञान शिकवत. वैद्यकाका त्यांचे जुने मित्र, देवळीकडचे, रोज पहाटे पूजा केल्याशिवाय पाणीसुद्धा न घेणारे. बैठकीत विषय कुठूनही निघो, कापसाच्या भावातून निघो की नळाच्या पाण्यातून, या दोघांच्या हातात टकळ्या फिरू लागल्या की तो हळूहळू विश्वाच्या उत्पत्तीकडे सरकायचा.

मी नागपूरला मामांकडे राहून कॉन्व्हेंटमध्ये शिकले. मॅट्रिक झाल्यावर वर्ध्याला परत आले, तेव्हा माझ्याकडे सुरुवातीची तिसरीच गोष्ट होती, बायबलातली. आमच्या वर्गाच्या भिंतीवर एक मोठं रंगीत चित्र होतं. सहा चौकोन, सहा दिवस. पहिल्या चौकोनात नुसता काळा आणि पिवळा रंग. पुढच्या चौकोनांत पाणी, झाडं, मासे, शेवटी माणूस. सातव्या दिवसाला चौकोन नव्हता. मी हे घरी कधी सांगितलं ते आठवत नाही, पण वकीलसाहेबांना ते कळलं होतं. मला दारात पाहिलं की ते म्हणायचे, "काय मॅडम, तुमच्या सिस्टरांच्या देवानं सहा दिवस काम केलं आणि सातव्या दिवशी सुट्टी. पक्का सरकारी नोकर."

मी काही बोलत नसे. मराठीत बोलायचं तर मला आधी वाक्य मनात जुळवावं लागे, आणि ते जुळेपर्यंत लोक पुढच्या गोष्टीवर गेलेले असत. म्हणून मी दाराच्या आत, उंबऱ्याला लागून बसायची. तिथून सगळ्यांचे हात दिसत. चेहऱ्यांपेक्षा हात पाहणं मला सोपं जाई.

बाबांचं म्हणणं असं होतं की विश्वाला सुरुवात नाही. ते पसरतं आहे, तारकापुंज एकमेकांपासून लांब जाताहेत, आणि मध्ये जी मोकळी जागा होते तिच्यात नवं द्रव्य सावकाश, एकेक अणू करून तयार होत जातं. त्यामुळे आकाश नेहमी होतं तसंच राहतं. मोठमोठे शास्त्रज्ञ असं मानतात, ते सांगत. "सुरुवातच नाही, तर सुरुवात करणारा कशाला?"

वैद्यकाकांचा हात जाड होता, औषधं कुटून राठ झालेला, पण धागा सरळ येई. ते म्हणायचे, "मास्तर, अख्खं जग देवानं एका टायमाले केलं तर तुमाले चालत नाई. अन् एकेक अणू कुठूनच नाई येऊन राह्यला, ते चालते. हे काऊन?"

"कारण तो नियमाने येतो."

"नियम कोनी केला?"

"नियम कोणी करत नसतं, वैद्य. नियम असतो."

"मंग माह्यं बी तेच आहे. अनादि आहे. ब्रह्मदेवाचा दिवस उगवते, मावळते, पुन्हा उगवते. सुरुवात मी बी मानत नाई."

"मग आपलं भांडण कशाबद्दल आहे?" कारकून एकदा हळूच म्हणाले होते.

वैद्यकाका थोडा वेळ धागा ओढत राहिले. मग म्हणाले, "माह्या अनादिले कोनी पाहून राह्यलं आहे. यायच्या अनादित कोनीच नाई. नुसतं रिकामं घर. दिवे लागलेले अन् आत कोनी नाई."

तेव्हा बाबा हसले. पण नंतर, मी अंथरुणं घालत होते तेव्हा, ते पडवीच्या खांबाला टेकून उभे होते आणि त्यांनी मला विचारलं, "तुझ्या सिस्टर काय सांगायच्या? सगळ्याच्या आधी काय होतं?"

"अंधार होता म्हणायच्या."

"अंधार," बाबा म्हणाले. "अंधार म्हणायला तरी कोणीतरी बघणारं लागतं." आणि आत गेले. ते गमतीने म्हणाले की नाही, मला ठरवता आलं नाही.

बाबांचा हात कापतो हे पहिल्यांदा शाळेत लक्षात आलं. प्रयोगशाळेत ब्यूरेटच्या काचेच्या नळीतून थेंब थेंब सोडायचा, रंग बदलला की त्याच क्षणी तोटी बंद करायची. बाबांचा हात त्यात इतका स्थिर की मुलं पाहत राहत. त्या वर्षी थेंबाऐवजी धार आली. मुलांना वाटलं, मास्तर मुद्दाम चूक करून दाखवताहेत. बाबांनी पुन्हा केलं, पुन्हा धार आली. त्यांनी हात खिशात घातला आणि उरलेला तास फळ्यावर नुसतं समीकरण समजावून सांगितलं. त्यांच्या वर्गातला एक जण पुढे माझ्या कॉलेजात होता, त्याच्याकडून हे कळलं.

वैद्यकाकांनी नाडी पाहिली आणि कंपवात सांगितला. खाजकुहिलीच्या बियांचं चूर्ण दुधातून द्यायला सुरुवात केली. नागपूरच्या डॉक्टरांनीही वेगळं काही सांगितलं नाही, फक्त इंग्रजी नाव सांगितलं, जे मला घरी येऊन आईला मराठीत सांगता आलं नाही. हात रिकामा असला की बाबांचा अंगठा तर्जनीवर फिरत राही, आपोआप, एका लयीत. टकळीला पीळ देताना बोटं फिरतात अगदी तशी. टकळी हातात घेतली की मात्र बोटांना ते जमत नसे. हे मी पुष्कळ दिवस पाहिलं आणि कोणाशी बोलले नाही.

शनिवारी बाबांची टकळी पडू लागली. आधी एखाद्या वेळी, मग प्रत्येक बारीला. ते म्हणत, "आता प्रश्न असा की..." आणि टण्‌. धागा जोडायलाच त्यांना एवढा वेळ लागे की पुढची बारी निघून जाई. दोन वाक्यांचा मुद्दा मांडायला त्यांना महिना लागला असेल.

वकीलसाहेब म्हणाले, "मास्तर, नियम तुमच्यापुरता ढिला करू. आप तो बीमार हैं."

"नको," बाबा म्हणाले. हे बोलतानाही त्यांनी टकळी उचलून घेतली होती. "इतकी वर्षं मी सांगत आलो की नियम कोणासाठी थांबत नाही. पृथ्वी माझ्यासाठी थांबत नाही, मग..." टकळी पडली. त्यांनी हाताने, पुढचं समजून घ्या, अशी खूण केली.

त्यानंतर वैद्यकाकांचे धागे तुटू लागले. त्यांचा धागा कधी तुटत नसे, म्हणून माझं लक्ष गेलं. बाबांचा तुटला की पुढच्या बारीला दोन शब्दांत काकांचाही तुटायचा. वकीलसाहेब म्हणाले, "वैद्यजी, तुमच्या देवाचाही हात कापतो का?" काका म्हणाले, "पेळू खराब आहे. कापूसच बेकार आला औंदा." मी उंबऱ्यावरून त्यांचं बोट पाहत होते. अंगठ्याचं नख धाग्यावर हलकं दाबलं जाई आणि धागा सुटे.

बाबांनाही ते दिसलं असणार. दुसऱ्या दिवशी काका चूर्ण घेऊन आले तेव्हा बाबा दुधाचा पेला दोन्ही हातांनी धरून होते. ते म्हणाले, "वैद्य, काल तुमचा धागा तुटला नाही. तुम्ही तोडलात."

काकांनी पिशवीतून चूर्णाची पुडी काढली.

"पुन्हा करू नका."

"तुमाले काय करायचं आहे माह्या धाग्याचं? माह्या धागा, मी तोडीन नाईतर..." काकांनी पुडी आईच्या हातात दिली. "वहिनी, दूध कोमट पाहिजे. लय गरम नाई." आणि गेले. दारातून वळून मला म्हणाले, "तू दारात बसून पाहत राहते ना सगळं? पाहत राहजो."

त्या हिवाळ्यात बाबांनी शाळा सोडली. वाचताना पान स्थिर राहत नसे, म्हणून दुपारी मी त्यांना वाचून दाखवू लागले. मामा नागपूरहून इंग्रजी मासिकांचे जुने अंक पाठवत. मी एकेक परिच्छेद वाचायची आणि मराठीत सांगायची. इंग्रजी वाचताना माझा आवाज मोठा होई, मराठीत सांगताना लहान. बाबा म्हणत, "मराठीतही तेवढंच मोठ्याने सांग. तेच खरं आहे."

एका अंकात आकाशातून येणाऱ्या रेडिओच्या लहरींबद्दल लेख होता. फार लांबचं, म्हणजे फार जुनं आकाश आजच्यासारखं दिसत नाही, पूर्वी तिथे जास्त गर्दी होती असं वाटतं, असं काही शास्त्रज्ञांचं म्हणणं होतं. सगळ्यांना ते पटलेलं नव्हतं, लेखातच तसं लिहिलं होतं. पण ते खरं निघालं तर आकाश नेहमी एकसारखं राहतं हे टिकत नाही. म्हणजे मग सुरुवात असली पाहिजे.

"पुन्हा वाच," बाबा म्हणाले.

मी पुन्हा वाचलं.

"शेवटचा परिच्छेद इंग्रजीतच वाच. भाषांतर करू नकोस."

मी वाचला. अंगणात आईने वाळवणाच्या खाटेवरच्या चिमण्या हाकलल्या. बाबांचा अंगठा तर्जनीवर फिरत होता. मग ते म्हणाले, "हे वैद्यांना सांगायला हवं."

"ते उद्या सकाळी येतील ना."

"असं नाही. जे चार माणसांत म्हटलं ते चार माणसांतच परत घ्यायचं. मी इतकी वर्षं छातीठोक सांगितलं, ते दूध पिताना एकट्याच्या कानात परत घ्यायचं का?"

त्या दिवसापासून घरात दुसरं काही उरलं नाही. बाबांना एवढंच हवं होतं की एका शनिवारी धागा दोन वाक्यं टिकावा. त्यांनी ती वाक्यं तयार केली होती. ते दुपारी टकळी घेऊन सराव करत. आई पेळू निवडून निवडून देई. मी फरशीवर गोधडी पसरली, म्हणजे टकळी पडल्याचा आवाज होणार नाही. बाबांनी ती पायाने बाजूला सारली. शनिवार येई, बाबांची बारी येई, आणि "मला आज एक गोष्ट परत..." एवढ्यावर संपून जाई. वैद्यकाका मान खाली घालून कातत राहत. त्यांनी आता धागा तोडणं बंद केलं होतं.

तोडगा वकीलसाहेबांनी काढला. "वकील कशासाठी असतात? पक्षकाराला बोलता येत नाही तर वकील बोलतो. इथं उलटं करू. बिटियाने मास्तरांच्या शेजारी बसून कातावं, आणि मास्तरांनी बोलावं. धागा तिचा, बात यांची. नियमात कुठं लिहिलं आहे की हात आणि तोंड एकाच माणसाचं पाहिजे?"

नियम कुठे लिहिलेलाच नव्हता. कारकून म्हणाले, "चालेल." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ते हो म्हणताहेत. मी उंबऱ्यावरून अर्धी उठलेही.

तेवढ्यात वैद्यकाका हसू लागले. त्यांना हसू आवरेना. त्यांची टकळी गरगरत होती आणि धागा तुटत नव्हता. "म्हंजे कातनारा येगळा अन् बोलनारा येगळा? बोलनारा दिसते, कातनारा मांगं बसून राह्यते, कोनाले दिसत नाई? मास्तर, हेच तर मी तुमाले इतकी वर्सं सांगून राह्यलो!"

वकीलसाहेबांनी मांडीवर थाप मारली. कारकूनही हसले. बाबा सगळ्यांत जास्त हसले, खांद्यावरची शाल घसरेपर्यंत. मी बाबांना तसं हसताना पुन्हा पाहिलं नाही. मग त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "नाही. मग नको." टकळी त्यांच्या हातात नव्हती, म्हणून कारकुनांनी त्यांच्याकडे पाहिलं. बाबांनी ओठांवर बोट ठेवलं.

वैद्यकाकांचा चेहरा उतरला. आपण काय केलं हे त्यांना तेव्हा कळलं.

त्या आठवड्यात बाबा मला म्हणाले, "बेटा, तूच सांग. माझ्यावतीने नाही. तू लेख वाचलास, तू सांग. तुझा धागा, तुझं वाक्य."

मला टकळी येत होती, पण कॉन्व्हेंटमधल्या मुलीला येईल तेवढीच. जमिनीकडे पाहून, तोंड बंद ठेवून मी कातू शकत होते. कातताना बोलणं वेगळं. पीळ देणारा हात आणि वाक्य जुळवणारं मन एकाच वेळी चालत नसे. आईने शिकवलं. ती म्हणाली, "बोलायकडे ध्यान देऊ नको अन् सुताकडेही देऊ नको. भाकर थापताना मी नाही का बोलत?" मला भाकरीही थापता येत नव्हती.

वाक्यं बाबांनी दिली, मी माझ्या शब्दांत पाठ केली. पहिलं होतं: विश्वाला सुरुवात नाही असं जे या बैठकीत सांगितलं गेलं, ते कदाचित चूक असेल, सुरुवात असू शकेल. दुसरं होतं: पण सुरुवात होती म्हणजे ती कोणीतरी केली, असं होत नाही, आणि घर रिकामं असेल तर ते रिकामं पाहायला मला भीती वाटत नाही.

"दुसरं आधी सांगू का?" मी विचारलं. माझ्या मनात होतं, काही राहिलंच तर.

"नाही. आधी हार सांगायची. मग उरलेलं."

शनिवारी मी पडवीत सतरंजीच्या कडेला बसले. वकीलसाहेब म्हणाले, "आता बिटियाही?" हातात टकळी नसल्याने बाबा काही बोलू शकत नव्हते, म्हणून कारकूनच म्हणाले, "कातेल तो बोलेल. बाई की पुरुष, असं काही ठरलेलं नाही." वैद्यकाकांनी सरकून मला जागा दिली. माझी बारी आली. मी टकळीला पीळ दिला, धागा वर ओढला आणि बोलू लागले. पहिलं वाक्य माझ्या आवाजात नीट, मोठ्याने बाहेर पडलं. सुरुवात असू शकेल. मला स्वतःचा आवाज पडवीच्या भिंतीवरून परत आल्यासारखा वाटला. मी "पण" म्हणाले, आणि धागा तुटला.

टकळी फरशीवर वाजली, गोल फिरत बाबांच्या पायाशी गेली आणि थांबली.

वैद्यकाका आनंदले असतील असं कोणालाही वाटेल. ते बाबांकडे पाहत होते आणि त्यांचा चेहरा गाव सोडून चाललेल्या माणसाला निरोप देताना होतो तसा झाला होता. त्यांची बारी होती, टकळी चालू होती, पण ते म्हणाले एवढंच, "पोरीची बारी पुन्हा येऊ द्या." पण कातणी सावकाश होती आणि अंधार झाला होता. वकीलसाहेबांना जायचं होतं. ते उठले. मला कोणी मोजलं नाही; तीन माणसं राहिली, म्हणजे बैठक संपली.

पुढच्या शनिवारी कारकून आले नाहीत. राज्यांची फेररचना झाली होती, आणि त्यांची बदली जबलपूरला झाली. निरोप घ्यायला आले तेव्हा त्यांनी आपल्या कातलेल्या सुताच्या गुंड्या आईला दिल्या. त्यांच्या जागी कोणी आलं नाही. चौघे होत नाहीत म्हणून वकीलसाहेबही येईनासे झाले.

मात्र त्यांनी गावात सांगितलं होतं. वाईट हेतूने नाही. चांगली बातमी सांगावी तसं सांगितलं. मास्तरांनी शेवटी कबूल केलं. पोरीच्या तोंडून सर्वांसमक्ष कबूल केलं. राममंदिरातले दोन वयस्क गृहस्थ प्रसाद घेऊन आले. शाळेतले मास्तर आले. प्रत्येक जण बाबांचा हात हातात घेई आणि म्हणे, "बरं वाटलं ऐकून." बाबांचा आवाज तोपर्यंत बारीक झाला होता. जवळ बसलं तरच ऐकू येई. ते मान हलवत. हो म्हणून की नाही म्हणून, हे समोरच्याला कळत नसे, कारण मान आता आपोआपही हलत असे. मी एकदा मंदिरवाल्यांना म्हणाले, "त्यात अजून एक वाक्य आहे." ते म्हणाले, "असू दे बाई. मुख्य गोष्ट झाली ना."

प्रसादाची वाटी बाबांसमोर होती. त्यांनी खडीसाखरेचा खडा उचलला. तो तोंडापर्यंत पोचायला वेळ लागला.

उन्हाळा संपताना एका शनिवारी वैद्यकाका नेहमीच्या वेळेला आले. चूर्ण सकाळीच देऊन गेले होते. आता त्यांच्या पिशवीत टकळी होती. ते आपल्या जागी बसले. बाबा भिंतीला टेकून शालीत बसले होते. उन्हाळ्यातही शाल लागे, हात झाकायला. काका मला म्हणाले, "आन तुही टकळी. तुही बारी राह्यली आहे."

बाबांनी मान हलवली. मी जवळ गेले. "चार माणसं नाहीत," ते म्हणाले.

काकांनी आमच्याकडे पाहिलं. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, "वहिनी, जरा बाहीर या. बसा इथं. पोरगी धरून चार होतेत."

आई पदराला हात पुसत आली. "मी कधीपासून माणसांत धरली?"

"आजपासून."

"टकळी कोणाची घेऊ?"

बाबांची टकळी कोनाड्यात होती. आईने ती घेतली, पेळू घेतला, आणि सतरंजीवर बसून कातू लागली, जशी काही दर शनिवारी तिथेच बसत आली होती. तिचा धागा पहिल्या ओढीतच लांब आला.

मी टकळीला पीळ दिला. या वेळी मी सुताकडे पाहिलं नाही आणि वाक्याकडेही नाही. मी बाबांच्या पायांकडे पाहत होते. मी पहिलं वाक्य म्हणाले, मग "पण" म्हणाले, मग दुसरं. सुरुवात होती म्हणजे ती कोणीतरी केली, असं होत नाही. घर रिकामं असेल तर ते रिकामं पाहायला भीती वाटत नाही. धागा टिकला. संपल्यावरही थोडा वेळ टकळी फिरत राहिली.

बारी वैद्यकाकांची होती. त्यांनी धागा वर ओढला, खाली गुंडाळला, पुन्हा ओढला.

"भीती नाई वाटत म्हनता, मास्तर," ते म्हणाले. "बरं. मले वाटते. पहाटे पूजेले बसतो, दिवा लावतो, अन् कधी कधी वाटते, समोर कोनी नसन तर? हे मी कोनाले सांगतलं नाई. तुमाले इचारायचं होतं, तुमाले खरंच वाटत नाई का?"

मग बाबांची बारी आली.

आईने कातणं थांबवलं आणि टकळी त्यांच्यासमोर धरली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांनी हात बाहेर काढले नाहीत. शालीच्या आत अंगठा तर्जनीवर फिरत होता, कापडावरून दिसत होता. काका वाट पाहत होते. रस्त्याने एक बैलगाडी गेली, तिच्या घुंगरांचा आवाज लांब जाईपर्यंत ऐकू येत होता. आम्ही थांबलो. एरवी कोणाच्या बारीला थांबत त्यापेक्षा जास्त थांबलो.

मग बारी आईकडे गेली.

"मले काई म्हणायचं नाई," आई म्हणाली, आणि टकळी पुन्हा आपल्याकडे घेऊन कातू लागली.